‘पार्ट मिळत नाही’ म्हणजे नेमका कुठला?

प्रश्न: आमचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन १९९८ सालचं आहे. स्पिन सुरू झालं की विमान उडाल्यासारखा आवाज येतो आणि मागून तपकिरी पाणी गळतं. या मॉडेलचे पार्ट बंद झाले, असं सर्व्हिस सेंटरने सांगितलं. ओळखीचा मेकॅनिक भंगारातल्या मशीनचा अख्खा टब ९,८०० रुपयांत बसवून देतो म्हणतो. नवं मशीन ३२,००० ला आहे, जुन्याचे १,५०० मिळतील. ह्यांची निवृत्ती १४ महिन्यांवर आली आहे. घरखर्च महिना ४५,०००, आणि अडीअडचणीसाठी १,१०,००० ची एफडी. एफडी मोडावी, हप्त्यावर घ्यावं, की दुरुस्त करावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ९,८०० देऊ नका आणि एफडीही आत्ता मोडू नका. आधी ५०० रुपये देऊन मशीन उघडून घ्या. तुमचा सगळा निर्णय एक-दोन पार्टवर अडलाय आणि ते अजून कुणी पाहिलेलेच नाहीत.

सर्व्हिस सेंटर खोटं बोलत नाही. तिथे पार्ट शोधतात तो कंपनीच्या नंबराने, आणि तो नंबर बंद झालाय. पण तुम्ही सांगितलेली लक्षणं बेअरिंग (ड्रमचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्यात फिरतो ते गोळ्यांचं कडं) आणि ऑइल सील (तिथे पाणी शिरू न देणारं रबरी कडं) यांची आहेत. आधी सील झिजतं, मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गोळ्या गंजतात. तपकिरी दिसतंय ते याच गंजाचं पाणी. आता बेअरिंग काही वॉशिंग मशीनची कंपनी बनवत नाही. त्याच्या कडेवर ६२०५, ६२०६ असा नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५, मग ते कुणीही बनवलेलं असो. सीलवरही आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी अशी तीन मापं असतात. बेअरिंगची जुनी जोडी आणि सील पिशवीत घालून सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीजवळच्या बेअरिंगच्या दुकानात जा, मशीनचं मॉडेल सांगायची गरजच पडणार नाही. बिल मात्र घ्या, नकली बेअरिंगचा सुळसुळाट आहे.

भंगारातल्या टबात बसलेलं बेअरिंगही तितकंच जुनं असणार. म्हणजे ९,८०० मोजून तोच आजार पुन्हा घरी आणायचा.

खरी अडचण दोनच पार्टची आहे. पहिला स्पायडर, म्हणजे ड्रमच्या मागे असलेला तीन हातांचा अॅल्युमिनियमचा ओतीव भाग. क्षारांचं पाणी आणि डिटर्जंट यांनी तो खाल्ला जातो. बोअरचं पाणी वापरत असाल तर याचीच शंका आधी घ्या. हातांवर पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले, किंवा एका जरी हाताला चीर असली, तर तिथेच थांबायचं. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा. खाल्लेल्या अॅल्युमिनियमवर वेल्ड धरत नाही, आणि भर स्पिनमध्ये हात तुटला तर ड्रम बाहेरच्या टबालाच भोक पाडतो. दुसरा पार्ट दाराचं रबर. ते त्या मॉडेलच्याच मापाचं लागतं. फाटलेलं असेल आणि जुळणारं मिळत नसेल, तर बाकी दुरुस्तीला अर्थ नाही.

दोन्ही शाबूत असतील तर माझा अंदाज असा: तपासणी ५००, दोन बेअरिंग ९००, सील ३५०, वॉटरप्रूफ ग्रीस, क्लिपा, सिलिकॉन मिळून ३५०, मजुरी ३,५००. आणखी ६०० लेथवाल्यासाठी. सीलची कड जिथे घासते तिथे शाफ्टच्या बुशला (दांड्यावरच्या धातूच्या नळीला) चर पडलेली असते. नखाला लागली तर त्यावर स्टीलची बाही चढवून घ्यावी लागते, नाहीतर नवं सीलही काही महिन्यांत गळतं. झाले ६,२००. वरखर्चाला ६०० धरून ६,८००, ही तुमची कमाल मर्यादा. मेकॅनिक याच्या वर गेला तर नवं घ्या.

मर्यादा इथेच का? नवं मशीन ३२,०००, स्टँड आणि नळजोडणीचे २,०००, म्हणजे ३४,०००. ते १० वर्षं चाललं तर वर्षाला ३,४०० पडतं. म्हणून ६,८०० ची दुरुस्ती २ वर्षं टिकली की पैसे वसूल. एफडीचं व्याज चालू राहतं, ते वेगळं. नीट बसवलेली बेअरिंगं २ वर्षं सहज काढतात. नव्यामुळे विजेचं बिल उतरेल, या दुकानदाराच्या बोलण्यावर फार जाऊ नका. वर्षाला २०० धुणी आणि दर धुण्याला पाव युनिट वाचलं, तरी १० रुपये दराने ५०० रुपयेच होतात.

एफडीचं गणित जास्त गंभीर आहे. १,१०,००० म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांचा घरखर्च. त्यातून ३४,००० काढले तर पावणेदोन महिन्यांपेक्षाही कमी उरतो, तोही पगार बंद व्हायच्या तोंडावर.

आणि ‘नो कॉस्ट’ हप्ते. त्यात व्याज असतंच, फक्त तेवढी सूट किमतीत आधी दाखवतात. १५ टक्के दराने १२ हप्त्यांत ३२,००० फेडायचे तर व्याज सुमारे २,४५०, क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी सुमारे ४४०, शिवाय प्रोसेसिंग फी. उद्या नवं घ्यायची वेळ आलीच, तर रोख देताना तीच २,४५० ची सूट मागा. एक्स्चेंजशिवाय किंमत किती, हेही विचारा. जुन्याचे १,५०० पुष्कळदा त्याच किमतीत आधीच मिळवलेले असतात.

दुरुस्ती झाली तर पुढच्या महिन्यापासून २,२०० ची आरडी सुरू करा. साडेसहा टक्के दर धरला तर १४ महिन्यांत ३२,००० च्या आसपास जमतात. मशीन चालत राहिलं तर ती रक्कम एफडीत टाका. स्पायडर गेलेलाच निघाला, तर मात्र नवं हप्त्यांवर न घेता एफडीतूनच रोख घ्या आणि हीच आरडी एफडी भरून काढायला वापरा.

मेकॅनिकशी बोलताना तीन गोष्टी आधीच ठरवा. स्पायडरचा फोटो पाहिल्याशिवाय सामान आणायचं नाही. बेअरिंग टबात ठोकताना बाहेरच्या कड्यावरच ठोकायचं, आतल्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांच्या वाटेत खळगे पडतात आणि आवाज लगेच परत येतो. मजुरीतले १,००० रुपये महिनाभराने द्यायचे, तोवर एकही थेंब गळता कामा नये. जुनी बेअरिंगं परत मागून घ्या आणि त्यांचे नंबर, सीलच्या मापांसकट, मशीनच्या मागच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा.