ठिबकच्या पंपाचा ड्राइव्ह : दाब स्थिर का राहत नाही?

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात तीन प्लॉटमध्ये द्राक्षबाग आहे. शेततळ्यावरील 7.5 एचपी मोनोब्लॉक पंपाला यंदा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) व प्रेशर सेन्सर बसवून दाब 3 किलोवर (प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण 3 बार) सेट केला आहे. तिन्ही प्लॉट चालू असताना अडचण येत नाही. मात्र एकटा लहान प्लॉट चालू असला की मोटरचा वेग सतत कमी-जास्त होतो आणि गेजचा काटा अडीच ते साडेतीन किलोंमध्ये हलत राहतो. सगळे व्हॉल्व्ह बंद केले तरी मोटर थांबत नाही आणि पंप तापतो. स्लीप फ्रिक्वेन्सी (वेग ज्याच्या खाली उतरला की ड्राइव्ह मोटर थांबवतो तो आकडा) 25 हर्ट्झ ठेवलेली आहे. काय बदलावे?
– एक द्राक्ष बागायतदार, जि. सांगली

उत्तर : मोटर न थांबण्याचे कारण बहुधा 25 हर्ट्झ या आकड्यातच आहे. पंपाचा वेग निम्मा केला की त्याचा दाब निम्म्यावर नव्हे, तर एक चतुर्थांशावर येतो. आपला पंप 50 हर्ट्झवर, व्हॉल्व्ह बंद असताना, 4 किलो दाब देतो असे धरले, तर 25 हर्ट्झवर तो जेमतेम 1 किलो देईल. ड्राइव्हला मात्र 3 किलो राखायचे असल्यामुळे पाणी अजिबात जात नसतानाही त्याला सुमारे 43 हर्ट्झवर फिरत राहावे लागते. वेग 25 पर्यंत कधी उतरतच नाही आणि पंपात कोंडलेले तेच पाणी घुसळून तापते. शेजारच्या शेतावरील ड्राइव्हचे आकडे उतरवून घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण स्लीप फ्रिक्वेन्सी ही प्रत्येकाने आपल्याच पंपावर शोधावी लागते.

तत्पूर्वी सेन्सरची खात्री करून घ्यावी. 4 ते 20 मिलिअँपियरचा सेन्सर 0 ते 10 बारचा असेल आणि ड्राइव्हमध्ये 16 बार भरले असतील, तर प्रत्यक्ष 3 बार असताना पडद्यावर 4.8 दिसतील. गेज आणि पडदा यांचे आकडे जुळत नसतील, तर पुढचे सगळे सेटिंग व्यर्थ आहे.

मग 3 किलोंची खरोखर गरज आहे का, हे पाहावे. ड्रिपरपाशी 1 किलो, पाइप, सबमेन व लॅटरलमधील घट अर्धा किलो, फिल्टरमधील घट अर्धा किलो आणि बाग पंपापेक्षा 6 मीटर उंच असल्यास 0.6 किलो, असा हिशेब 2.6 किलोंवर येतो. आपल्या बागेचे आकडे घालून तो करावा. दाब गरजेपुरताच ठेवल्याने विजेची बचत होते.

दाब ठरला की पंपाजवळचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह सावकाश पूर्ण बंद करून वेग कोठे स्थिरावतो ते पाहावे. सेन्सर मात्र त्या व्हॉल्व्हच्या पंपाकडील बाजूलाच असला पाहिजे. वरील उदाहरणात 2.6 किलोंना तो साधारण 40 हर्ट्झ येईल. स्लीप फ्रिक्वेन्सी त्यापेक्षा 1 ते 2 हर्ट्झ जास्त, थांबण्यापूर्वीचा विलंब 20 ते 30 सेकंद आणि पुन्हा चालू होण्याचा दाब सेट दाबाहून 0.4 किलो कमी ठेवावा. लहान प्लॉट एकटा चालू असताना वेग या आकड्याच्या बराच वर राहतो ना, तेही पाहावे, नाहीतर पाणी चालू असतानाच मोटर थांबेल. व्हॉल्व्ह बंद असूनही मोटर थोड्या थोड्या वेळाने सुरू होऊ लागली, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) किंवा पाइप कोठेतरी गळत आहे.

काटा हलण्याचे कारण वेगळे आहे. दाबात थोडा फरक पडताच ड्राइव्ह वेग गरजेपेक्षा जास्त बदलतो आणि लहान प्लॉटवर पाणी कमी लागत असल्याने तो बदल लगेच अंगावर येतो. म्हणून पी गेन (दाबातील फरकाला ड्राइव्ह किती जोराने प्रतिसाद देतो ते ठरवणारे सेटिंग) निम्मा करावा, लहान प्लॉट चालू ठेवून काट्याकडे पाच मिनिटे पाहावे आणि तरीही हेलकावे राहिले तरच आय टाइम (उरलेला फरक किती सावकाश भरून काढायचा ते ठरवणारा वेळ) वाढवावा. दोन्ही एकदम बदलू नयेत, कारण मग कशाचा परिणाम झाला ते कळत नाही. काही ड्राइव्हमध्ये आय हा वेळ नसून गेन असतो, तेथे तो कमी करावा लागतो. माहितीपुस्तिका पाहूनच हात लावावा. सेन्सर पंपाच्या तोंडाशी किंवा एल्बोला लागून असेल, तर तो सरळ पाइपवर हलवणे उत्तम.

सेन्सर फिल्टरच्या पुढे बसवल्यास बागेचा दाब नेमका राखला जातो, परंतु फिल्टर तुंबल्याचे लक्षात येत नाही, कारण ड्राइव्ह वेग वाढवून ती घट भरून काढतो. अशा वेळी फिल्टरच्या दोन्ही बाजूंना गेज ठेवून फरक अर्ध्या किलोवर गेला की बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडून फिल्टरची सफाई) करावा.