२०२५ हे वर्ष कसं गेलं? काम, फिरणं, मित्र, सगळंच सांगतो

प्रश्न आहे की सरलेल्या वर्षात काम, मौजमजा आणि मैत्री यांचं काय झालं. माझ्याकडे हे तिन्ही सप्टेंबरच्या एकाच आठवड्यात असे अडकलेत की वेगवेगळं सांगताच येत नाही, त्यामुळे जसं घडलं तसं लिहितो.

मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातला, परंडा तालुक्यातल्या सीना नदीकाठच्या गावचा. डिप्लोमा करून पाच वर्षं झाली चाकण एमआयडीसीत आहे, राहायला मोशीला. टू-व्हीलर आणि छोट्या गाड्यांच्या ब्रेकची कॅलिपर बॉडी (ब्रेक पॅड धरून ठेवणारा भाग) आमच्याकडे मशीनिंग होते, मी क्वालिटीला आहे. बोअर, म्हणजे आतल्या भोकाचं माप, एअर गेजवर चेक करायचा, रिजेक्शन बाजूला काढायचं, डिस्पॅचला ओके द्यायचं. आठवड्याला शिफ्ट बदलते. वर्षाचे पहिले सहा-सात महिने कामात सांगण्यासारखं काही नाही, रोजचंच.

मजा म्हणाल तर जुलै. ११ जुलैला शुक्रवारी बातमी आली की महाराजांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, अकरा आपले आणि तमिळनाडूतला जिंजी. कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर तेच, आणि तिथेच आम्ही चौघांनी ठरवलं की रविवारी राजगड. चौघं म्हणजे माझा रूम पार्टनर, मेंटेनन्सचा एक, स्टोअरमधला एक आणि मी. तोपर्यंत आमची ओळख कॅन्टीनपुरतीच होती खरंतर. गुंजवण्यातून चढलो, पाऊस धो धो, चोर दरवाजाच्या अलीकडे रेलिंगला धरून एकमेकांना वर ओढत पद्मावती माचीवर पोचलो तर धुक्यात पाच फुटांवरचं दिसेना. बालेकिल्ला राहिला, सुवेळा माची राहिली, देवळात ओले बसून पिठलं-भाकरी खाल्ली आणि स्टोअरवाला पहिल्यांदा घरच्या अडचणी बोलला. त्या दिवसापासून आम्ही मित्र झालो असं मी धरतो. पुढच्या सुट्टीत साल्हेर किल्ला करायचा असंही तिथेच ठरलं.

मग १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. लोकांना आनंद झाला पण गाडी घेणारा प्रत्येक माणूस थांबला ना, कोण आत्ता जास्त पैसे देऊन घेईल? शोरूमला माल पडून, तिथून शेड्यूल, म्हणजे आमच्या मालाची मागणी, कमी, आमच्या दोन लाईन बंद, कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना कामावरून ब्रेक दिला. त्यातली काही माझ्याच भागातली होती, त्यांना निरोप देताना फार वाईट वाटलं. आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्या आणि ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. एकदम शेड्यूल दुप्पट. सगळ्या लाईन चालू, बारा-बारा तास, ओटी (ओव्हरटाइम) डबल रेटने, सुट्ट्या बंद.

त्याच आठवड्यात सीनेला पूर आला.

माझा एक बालमित्र आहे गावात. पहिलीपासून एका बाकावर, दहावीनंतर मी पुण्याकडं आलो, तो शेतीत राहिला. त्याचं अडीच एकर अगदी नदीला लागून. माझी नाईट होती, शॉप फ्लोअरवर मोबाईल चालत नाही, लॉकरला ठेवतो. सकाळी काढला तर त्याचे चार मिसकॉल, पहिला रात्री दोनला. लावला तर बंद. दुपारी चुलत्याकडून कळलं की माणसं सुखरूप आहेत, रात्र एका स्लॅबवर काढली, म्हशींचे दावे वेळेत कापले म्हणून त्या वाचल्या, पण काढणीला आलेलं सोयाबीन, मोटर, तुषारचे पाईप सगळं गेलं.

मी सुपरवायझरला विचारलं, तो म्हणाला शेड्यूल होऊ दे मग जा. आणि मी गेलो नाही. कोणी धरून ठेवलं नव्हतं, मी जोर लावून मागितली असती तर दोन दिवस मिळाले असते. पण महिनाभर काम नव्हतं, आत्ता ओटी मिळतोय, असा हिशोब माझ्या डोक्यात चालू होता. मित्राला दहा हजार पाठवले. त्याने परत पाठवले, एक शब्द नाही.

ऑक्टोबरच्या पगारात सोळा हजार जास्त आले. दिवाळीला गावी गेलो तर तो मला शेतात घेऊन गेला. वरची काळी माती पूर्ण खरडून गेलेली, खाली मुरूम उघडा, मध्येच कुणाच्या तरी घराचा पत्रा. सरकारचं ३१,६२८ कोटींचं पॅकेज आलं होतं, खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार, पण ती माती बनायला किती पिढ्या गेल्या असतील हो. बराच वेळ दोघं गप्प. मग तो म्हणाला, "फोन उचलला न्हाईस त्याचं काय न्हाय, कामावर हुतास. पर तू यायला पायजे हुतास. पैशे काय, पैशे कुणीबी देतं." मला उत्तर सुचलं नाही, आत्ता लिहितानाही सुचत नाहीये.

पुण्याला येऊन रूमवर हे सांगितलं तर रूम पार्टनरच म्हणाला साल्हेर राहू दे, गावाला जाऊ. नोव्हेंबरात दोन रविवार आम्ही चौघं दोन बाईकवर गेलो, शनिवारची सेकंड शिफ्ट सुटली की रात्रीच निघायचं, भिगवण-टेंभुर्णी-कुर्डुवाडी करत पहाटे गावात. गाळात रुतलेले जे पाईप सापडले ते उकरून धुतले, दगड वेचले, वाहून गेलेल्या बांधाला भर घातली. मेंटेनन्सवाल्याने दुसरी एक जुनी मोटर उघडून वाइंडिंग करून आणली. गावचा मित्र पहिल्या रविवारी फारसा बोलला नाही, दुसऱ्या रविवारी राजगडाचे फोटो मागून घेऊन बघत बसला, म्हणाला मला कवा नेतोय. नदीपासून लांबच्या एक एकरात माती शिल्लक होती, तिथे हरभरा पेरला.

परवा मोशीला येणाऱ्या एका गाववाल्याकडे त्याने पिशवी पाठवली, हरभऱ्याचे शेंडे खुडलेले, कोवळी भाजी, अजून ओली. रूम पार्टनरने लसणाची फोडणी देऊन केली. चौघांनी खाल्ली, आणि जेवता जेवता त्याला व्हिडिओ कॉल लावला.