डोक्यावर गळ घेऊन बसणारा मासा खरा असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका व्हिडिओत दगडासारखा दिसणारा मासा डोक्यावरची बारीक काठी हलवतो, एक छोटा मासा ती बघायला जवळ येतो आणि पुढच्याच क्षणी नाहीसा होतो. हे खरं आहे की संगणकावर केलेली करामत? आणि असा मासा पायाखाली आला तर?

मासा खरा आहे, त्याला फ्रॉगफिश म्हणतात. मी वर्षातून एकदा रजा साठवून डायव्हिंगला जाणारा माणूस आहे, सागरी जीवशास्त्रज्ञ नाही. पण या एका माशाच्या नादी लागून मी बरंच वाचलंय आणि पाण्याखाली त्याच्यासमोर बरेच तासही घालवलेत.

आधी व्हिडिओबद्दल. तुम्हाला शंका आली ती बहुधा छोटा मासा 'कापल्यासारखा' गायब झाला म्हणून. साधा व्हिडिओ सेकंदाला 30 चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे 33 मिलिसेकंद जातात. फ्रॉगफिशला भक्ष्य तोंडात घ्यायला साधारण 6 मिलिसेकंद लागतात. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले सहा. आपली पापणी लवायलासुद्धा असे शंभराहून जास्त भाग लागतात. त्यामुळे अख्खी शिकार दोन चित्रांच्या फटीत उरकते आणि खरा व्हिडिओच खोटा वाटतो. थिओडोर पीट्श आणि डेव्हिड ग्रोबेकर या दोन अमेरिकन संशोधकांनी 1979 मध्ये हा वेग मोजला, तेव्हा त्यांनाही त्यासाठी अतिवेगवान सिने-कॅमेरा वापरावा लागला होता.

आता त्या काठीबद्दल. ती काठी म्हणजे पाठीच्या पराचा पहिला काटा. तो पुढे सरकत सरकत वरच्या ओठाच्या अगदी जवळ आलाय. टोकाला मांसाचा एक छोटा गोळा असतो, तेच आमिष. जातीगणिक आमिष वेगळं. अंगावर केसांसारखे तंतू असलेल्या जातीचं आमिष वळवळणाऱ्या किड्यासारखं, आकाराने सगळ्यात मोठ्या जातीचं बारीक कोळंबीसारखं. चामखीळ आल्यासारखी कातडी असलेल्या एका जातीचं तर चक्क इवल्या माशासारखं. हलवायची पद्धतही आमिषाला शोभेल अशी. काम नसेल तेव्हा काठी मागे डोक्यावर आडवी पडलेली असते. एखाद्या माशाने आमिष तोडून नेलंच, तर ते पुन्हा उगवतं.

माझा मामा रत्नागिरीजवळ खडपावर बसून गरवतो. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं, तर कौतुक राहिलं बाजूला, त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "गरीला काटा नाही? मग मासा अडकतो कसा?"

नेमका प्रश्न. या गळाला काटा नसतो, तो फक्त जवळ बोलावण्यापुरता. बाकीचं काम तोंडाचं. फ्रॉगफिशचं तोंड मिटलेलं असताना वरच्या बाजूला वळलेली एक रेघ दिसते, बस्स. भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा पुढे फेकला जातो, घसा खाली पडतो आणि आतली पोकळी एकदम बारा पटींपर्यंत फुगते. आत पोकळी झाली की बाहेरचं पाणी आत धावणारच, आणि पाण्याबरोबर मासाही. तो चावत नाही, झडप घालत नाही, ओढून घेतो. नंतर तोंड मिटून पाणी सावकाश कल्ल्यांवाटे सोडून देतो. पोट इतकं ताणतं की जवळजवळ आपल्याच लांबीचा मासा त्यात मावतो. मामाला हे सांगितल्यावर तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग त्याला गरी लागतेच कशाला?"

याचं उत्तर द्यायला मला जरा विचार करावा लागला. लागते, कारण हा वेग फक्त तोंडापुरता आहे. बाकी मासा म्हणजे महाआळशी प्रकरण. पाठलाग त्याला जमत नाही. अंग गोळ्यासारखं, बहुतेकांना खवलं नाहीत, पाणी कापत जाण्यासारखं त्याच्यात काही नाही. छातीचे पर कोपरात वाकल्यासारखे दिसतात आणि तो त्यांच्यावर चक्क चालतो. कधी डावा-उजवा करत, कधी पोटाच्या परांवर भार टाकून कुबड्या घेतल्यासारखा. त्याच्या कल्ल्यांची छिद्रं छातीच्या परांच्या मागे असतात, बारीक नळीच्या तोंडासारखी. फारच घाई झाली तर त्यातून पाणी मागे जोरात सोडून तो पुढे ढकलला जातो. बघायला मजा येते, पण त्याला पोहणं म्हणवत नाही. अशा प्राण्याला भक्ष्यानेच आपल्या पायांनी चालत यावं लागतं. (पर म्हणा हवं तर.)

म्हणूनच तो वेष. आपण शाळेत शिकतो की प्राणी आसपासच्या रंगात मिसळतात ते शत्रूपासून वाचायला. याला तो फायदा मिळतोच, पण खरा हिशेब शिकारीचा आहे. पहिला फ्रॉगफिश मी इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या लेंबे सामुद्रधुनीत पाहिला. पाहिला म्हणणं धाडसाचं आहे. गाइड लोखंडी सळईने एका पिवळ्या स्पंजकडे बोट दाखवत होता आणि मी तीन-चार मिनिटं मान हलवत स्पंजच बघत होतो. शेवटी त्या स्पंजला डोळा आहे हे कळलं. स्पंजवर पाणी आत-बाहेर करणारी छिद्रं असतात ना, तशा गोल काळसर खुणासुद्धा माशाच्या अंगावर होत्या. मला आणखी एक कळलं, तोल सावरायला मी ज्या दगडाला हात टेकणार होतो, त्याच्यापासून तो वीतभर अंतरावर होता.

हा रंग सरड्यासारखा झटपट बदलत नाही. जागा बदलली की हळूहळू, कधी काही दिवस तर कधी काही आठवडे घेऊन मासा नव्या शेजाऱ्याचा रंग उचलतो. पिवळा, काळा, लाल, पांढरा, एकाच जातीत सगळे मिळतात, त्यामुळे रंगावरून जात ओळखायला गेलं की हमखास फसायला होतं. पूर्वीच्या अभ्यासकांचीही अशीच फसगत झाली आणि एकेका जातीला चार-चार नावं पडून बसली.

याचे भाऊबंद एकेक वल्ली आहेत. तरंगत्या सरगॅसम शेवाळात राहणारा एक फ्रॉगफिश असतो. शेवाळाची पानं असावीत तशा झालरी त्याच्या अंगावर असतात. मोठ्या माशाने हल्ला केला तर तो उडी मारून शेवाळाच्या वर, पाण्याबाहेर जाऊन बसतो. स्वतःच्या जातभाईंना खाण्यात मात्र त्याला काहीच संकोच नाही. इंडोनेशियातल्याच अंबोन बेटाजवळ 2008 मध्ये डायव्हर्सना एक सापडला, त्याचं 2009 मध्ये बारसं झालं. अंगभर पांढरे-केशरी पट्टे आणि डोळे माणसासारखे समोर. बाहेर काढून हलवावा असा गळच त्याच्याकडे नाही. तो बिळांत घुसून शिकार करतो. आणि खोल समुद्रातल्या काळोखात चमकता दिवा घेऊन फिरणारे अँगलरफिश तुम्ही पाहिले असतील, तेही याच गणातले. काठीची कल्पना एकच, तिकडे उजेड नाही म्हणून टोकाला दिवा लागला.

संसाराचं म्हणाल तर मादी मोठी, नर लहान. मादी जेलीसारख्या एका लांब पट्टीत हजारो अंडी सोडते आणि ती पट्टी तरंगत निघून जाते. ते झालं की नराने तिथे रेंगाळू नये हे बरं, कारण तिच्या लेखी तोही टप्प्यात आलेला मासाच.

आता पायाखाली आला तर. फ्रॉगफिश विषारी डंख मारत नाही, त्याच्यापासून तुम्हाला धोका नाही. धोका आहे तो याच्याशी गल्लत होणाऱ्या स्टोनफिशपासून. तोही दगडासारखाच दिसतो, लक्षद्वीप आणि अंदमानच्या उथळ पाण्यात सापडतो आणि त्याच्या पाठीवर 13 विषारी काटे असतात. गळबिळ काही नाही, नुसता वाळूत अर्धा पुरून पडलेला असतो. म्हणून प्रवाळाच्या उथळ पाण्यात जाड तळव्याचे बूट घाला, पाय उचलून टाकण्यापेक्षा सरकवत चाला आणि ओळखू न येणाऱ्या 'दगडा'वर हात टेकू नका. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंत, पाय बुडवून ठेवा. हे विष उष्णतेने निष्प्रभ होत जातं, त्यामुळे वेदना उतरते. वेदनेत किती गरम आहे ते कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने तपासून घ्या, नाहीतर वर पाय भाजायचा. आणि गरम पाण्याने आराम पडला तरी डॉक्टरकडे जायचंच.

एक तक्रार, तुमच्या प्रश्नाबाहेरची. फ्रॉगफिश जांभई देतो तेव्हाचा फोटो चांगला येतो, म्हणून काही फोटोग्राफर त्याला काडीने डिवचतात किंवा उचलून 'बरी पार्श्वभूमी' असलेल्या जागी ठेवतात. लाल स्पंजवरचा लाल मासा काळ्या वाळूवर आणून ठेवला, तर नवा रंग चढायला त्याला कित्येक दिवस लागणार. तोवर तो सगळ्यांना दिसत राहतो, ज्यांना गिळायचं त्यांनाही आणि ज्यांच्यापासून लपायचं त्यांनाही.

लेंबेचा तो पिवळा मासा मला चौथ्या दिवशी पुन्हा दिसला. त्याच स्पंजवर, फक्त तोंड दुसरीकडे. या वेळी तो शोधायला मला गाइडची सळई लागली नाही, पण मिनिटभर लागलाच.