गुंतवणूकदार न घेता, स्वतःच्या पैशांवर एआय स्टार्टअप उभं राहू शकतं का?

राहू शकतं. मात्र स्वतःचं मोठं मॉडेल शून्यापासून घडवायचं असेल तर विसरा, तो खेळ भांडवलवाल्यांचा. शब्दांवरून चित्रं बनवणाऱ्या मिडजर्नीने बाहेरची गुंतवणूक न घेता २०२२ मध्ये सेवा खुली केली हे खरं, पण त्यांनी सुरुवातीला सगळा कारभार डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच चालवला आणि मासिक वर्गणीही लगेच सुरू केली. हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

खरी गोम खर्चात आहे. साध्या सॉफ्टवेअरला एक ग्राहक वाढला तरी खर्च फारसा वाढत नाही. इथे प्रत्येक विनंतीमागे टोकन (मजकुराचे छोटे तुकडे, ज्यांवर मॉडेलचं बिल ठरतं) जळतात, आणि उत्तराचे टोकन सहसा प्रश्नाच्या टोकनपेक्षा बरेच महाग पडतात. म्हणून 'अमर्याद वापर' अशी योजना चुकूनही देऊ नका. तुमचा सर्वांत उत्साही ग्राहकच तुम्हाला बुडवेल. सोपी कामं लहान मॉडेलकडे द्या, पुन्हा पुन्हा जाणारा मजकूर कॅश करा (साठवून परत वापरा), घाई नसलेलं काम बॅचमध्ये, म्हणजे एकगठ्ठा, पाठवा. लामा, क्वेनसारखी खुली मॉडेल्स भाड्याच्या जीपीयूवर (मॉडेल चालवणाऱ्या चिपवर) चालवणं स्वस्त वाटतं खरं, पण जीपीयू रिकामा बसला तरी भाडं चालूच. पुरेसा वापर होईपर्यंत एपीआयच बरा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं मॉडेल वापराप्रमाणे पैसे देऊन वापरणं.

विषय कंटाळवाणा निवडा: एखाद्या व्यवसायातलं एकच किचकट काम, ज्यासाठी लोक आजही पैसे मोजतात. त्यांच्या परवानगीने खरे नमुने घेऊन उत्तरं तपासायचा संच बनवा. मॉडेल बदललं की तोच उपयोगी पडतो. आणि नोकरी असेल तर पैसे देणारे ग्राहक मिळेपर्यंत सोडू नका.