विंडोज टाकताना लॅपटॉपची एसएसडी दिसत नसेल, तर ती बिघडली असे समजावे का?

आपल्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर आहे, पेन ड्राइव्हवरून विंडोज 11 टाकताना डिस्क निवडण्याची यादी रिकामी येते आणि नागपूरच्या सीताबर्डीतील दुकानदाराने एसएसडी (लॅपटॉपमधील साठवणुकीची डिस्क) बदलण्याचा सल्ला दिला आहे, असे आपण लिहिले आहे. बायोस (विंडोजच्या आधी चालणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज) उघडून पाहिल्याखेरीज नवी एसएसडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धरमपेठेतील मामेबहिणीच्या लॅपटॉपवर हेच घडले, तेव्हा मी घाईघाईने सीताबर्डीवरून नवी एसएसडी आणून बसवली आणि यादी तरीही रिकामीच राहिली. दोन्ही एसएसडी एकाच वेळी बिघडलेल्या असणे शक्य नाही, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरले.

2020 मध्ये आलेल्या या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय कारखान्यातूनच चालू असते. ती चालू असताना एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी प्रोसेसरमधील एका नियंत्रकाच्या आड जाते आणि त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर (तो ओळखण्यासाठी लागणारा छोटा प्रोग्राम) विंडोजच्या इन्स्टॉलरकडे बहुधा नसल्यामुळे, धडधाकट एसएसडीसुद्धा त्याला दिसत नाही.

म्हणून प्रथम लॅपटॉप सुरू करतानाच एफ2 दाबून (काही कंपन्यांत एफ10 किंवा डिलीट) बायोसमध्ये जावे. तेथे एसएसडीचे नाव दिसत असेल, तर अडचण बहुतेक ड्रायव्हरचीच आहे. नाव तेथेही नसेल, तर एसएसडी खाचेत नीट बसली आहे का आणि तिचा स्क्रू ढिला नाही ना, हे पाहावे. ती नंतर विकत घेतलेली असेल, तर साटा या जुन्या, संथ प्रकारची तर नाही ना, हेही तपासावे, कारण एम.2 आकाराची प्रत्येक खाच साटा व एनव्हीएमई असे दोन्ही प्रकार स्वीकारत नाही.

ड्रायव्हरसाठी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. इन्स्टॉलरला आयएनएफ प्रकारची फाइल लागते, त्यामुळे उतरवलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उलगडून (एक्स्ट्रॅक्ट करून) तो फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवावा लागतो. बहुतेक लोक ती तशीच ठेवतात आणि येथेच अडकतात. मग रिकाम्या यादीच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ निवडून तो फोल्डर दाखवला की एसएसडी यादीत येते.

बायोसमधून व्हीएमडी बंद करणे हा दुसरा मार्ग. एसरच्या काही लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो आणि बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल व एस एकत्र दाबल्यावरच तो दिसतो. हा मार्ग सोपा खरा, पण एसएसडीवर आधीचे विंडोज असेल, तर ते या बदलानंतर बहुधा त्रुटीच्या निळ्या पडद्यावर थांबते. शिवाय बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, म्हणून ती आधीच लिहून ठेवावी. जुने विंडोज बंद पडले, तर बायोसमधील बदल मागे घेतल्यावर ते सहसा पुन्हा सुरू होते. जुना डेटा हवा असलेल्यांना मी पहिलाच मार्ग सुचवतो.

एसएसडी दिसू लागल्यावर विभाग पुसण्यापूर्वी आकार मात्र नीट वाचावा, कारण त्याच यादीत कधी कधी पेन ड्राइव्हही दिसतो. 512 जीबीची एसएसडी तेथे सुमारे 476 जीबी अशी दिसते.