‘ते घोरताहेत असंच मला वाटलं’

*ताई, मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करते. मार्चअखेरची गडबड होती. कॅश जुळवता जुळवता आमचे कॅशियर काका खुर्चीवरून खाली घसरले. घोरल्यासारखा आवाज येत होता, म्हणून मला वाटलं चक्कर आलीय, श्वास तर चालू आहे. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. शिपाईमामांनी 108 ला फोन लावला, पण दवाखान्यात पोचेपर्यंत काका गेले होते. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवडे झाले. नोटा मोजायचं मशीन सुरू झालं की मला दरदरून घाम फुटतो. नंतर सीपीआरचा, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छातीवर दाब देण्याचा, व्हिडिओ बघितला आणि वाटलं, मीच त्यांना मारलं. काकूंचे फोन येतात, मी उचलत नाही. घरचे म्हणतात, विसरून जा. कशी विसरू?*

अगं, आधी त्या घोरण्याबद्दल बोलू, कारण तुझं सगळं पत्र तिथेच अडकलंय.

हृदय अचानक बंद पडलं की पहिली काही मिनिटं बऱ्याच जणांच्या घशातून असा आवाज येतो. मध्येच एखादा आचका, मग शांतता, पुन्हा घरघर. तो श्वास नसतो, पण बघणाऱ्याला तो श्वासच वाटतो. म्हणून तर प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात हे मुद्दाम शिकवावं लागतं: माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर 108 ला फोन लावायचा आणि छातीच्या मधोमध दाब द्यायला लागायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा. तुला हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं. आज जे माहीत झालंय, त्यावरून तू तीन आठवड्यांपूर्वीच्या स्वतःला दोषी ठरवते आहेस.

लगेच दाब दिला असता तर काका वाचण्याची शक्यता वाढली असती का? हो, वाढली असती. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेली बहुतेक माणसं सगळं वेळेवर केलं तरी वाचत नाहीत, हेही तितकंच खरं आहे. तू त्यांना मारलं नाहीस. त्यांचं हृदय बंद पडलं, आणि त्या वेळी तू त्यांच्याजवळ होतीस.

आता काकूंचं. त्या जाब विचारायला फोन करत असतील, असं तू गृहीत धरलंयस. मला तसं वाटत नाही. घरून डबा घेऊन गेलेला माणूस परत आला नाही की घरच्यांना एकच ध्यास लागतो: शेवटी काय झालं? काही बोलले का? फार त्रास झाला का? हे सांगू शकणारी तू आहेस. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की काही सेकंदांतच शुद्ध हरपते, तेव्हा काकांना त्रास जाणवत नव्हता. हे काकूंना सांग. डोकं मांडीवर होतं, हेही सांग. आवाजाचं, कांद्याचं आपणहून काढू नकोस, पण विचारलं तर खोटं बोलू नकोस. एकटी जाऊ नकोस, शिपाईमामांना बरोबर ने. त्यांनाही कुणी ‘तुम्ही कसे आहात’ म्हणून विचारलं नसेल.

विसरून जा म्हणणारे मायेनंच म्हणतात, पण दाबून ठेवलेलं रात्री वर येतंच. ज्याला ऐकायचं आहे अशा एकाला सगळं पहिल्यापासून सांग, आणि तेही तुला बोलावंसं वाटेल तेव्हाच. शाखेत सगळ्यांना गोल बसवून ‘सांगा बघू तुम्ही काय पाहिलंत’ असं करायला कुणी निघालं, तर नको म्हण. अशी बळजबरी उलट त्रास देते.

मशीनचं असं की काका पडले तेव्हा ते बहुधा चालू असणार. तुझ्या मनानं दोन्ही गोष्टींची गाठ मारलीय. कायमचं दुसरं काउंटर मागून घेऊ नकोस, त्यानं भीती मुरते. शटर ओढल्यावर मैत्रिणीला शेजारी बसव, दहाच्या नोटांचं एक बंडल मशीनमध्ये घाल, ते संपेपर्यंत सावकाश श्वास सोडत राहा. दुसऱ्या दिवशी दोन बंडलं. फारच जड गेलं तर थांब, जबरदस्ती नको.

अशा प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच चित्र डोळ्यांपुढे येणं हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं, किंवा त्याआधीच कामावर जाणं अशक्य झालं, जगणं नकोसं वाटलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठ. जिल्हा रुग्णालयात सोय असते. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तो व्हिडिओ बघितल्यावर सीपीआर शिकावंसं तुला वाटत असेल. जरूर शीक, पण आत्ता नको. झोप परत येऊ दे. मग मॅनेजरसाहेबांना सांगून सगळ्या शाखेचंच प्रशिक्षण लावून घे.