रशियन संगीतकार मुसोर्गस्कीचा ऑपेरा 'बोरिस गोदुनोव' पहिल्यांदाच ऐकायचा आहे. १८६९ची आवृत्ती घ्यावी की १८७२ची?

आधी १८६९ची घ्या. एका प्रवेशासाठी तरी घ्याच.

थोडी कथा सांगतो. १५९१ साली उग्लिचमध्ये आठ वर्षांचा राजपुत्र दिमित्री गळ्याला जखम होऊन गेला. फेफरं आलं असताना हातातला चाकू त्यालाच लागला, असं चौकशीत ठरलं. लोकांचा संशय मात्र दरबारातल्या बोरिस गोदुनोववर होता आणि १५९८मध्ये तोच झार झाला. तो खून इतिहासात सिद्ध झालेला नाही. पण इतिहासकार करमझिनने बोरिसला दोषी धरलं, त्यावरून पुश्किनने नाटक लिहिलं आणि त्या नाटकावरून मुसोर्गस्कीने स्वतःच संहिता बेतली. त्यामुळे ऑपेरातला बोरिस गुन्हेगारच आहे आणि ते पाप त्याला आतून पोखरत जातं.

आता तो प्रवेश. मॉस्कोतलं सेंट बासिल कॅथेड्रल, बाहेर उपाशी गर्दी. तिथे एक युरोदिवी बसलाय. रशियात देवासाठी वेडं झालेल्या, कुणालाही न भिणाऱ्या फकिराला युरोदिवी म्हणतात. पोरं त्याचा एकुलता एक कोपेक, म्हणजे छोटं नाणं, हिसकावून पळतात. बोरिस बाहेर येतो, लोक भाकरीसाठी टाहो फोडतात, आणि हा थेट झारला सांगतो : त्या पोरांना मारायला सांग, जसं तू छोट्या राजपुत्राला मारलंस. सरदार त्याला पकडायला निघतात, पण बोरिस त्यांना अडवतो आणि त्यालाच म्हणतो, माझ्यासाठी प्रार्थना कर. युरोदिवी नकार देतो. बायबलमधल्या बालहत्या करणाऱ्या हेरोद राजासाठी प्रार्थना करता येत नाही!

इतका मोठा क्षण, पण संगीत किती थोडं! जवळजवळच्या दोन सुरांवर हेलकावणारं रडगाणं, बस्स. १८७१मध्ये शाही नाट्यगृहांनी ऑपेरा नाकारला, मुख्य आक्षेप मोठी स्त्री-भूमिका नाही हा होता. वनखात्यात नोकरी करणाऱ्या मुसोर्गस्कीने मग पोलिश सरदारकन्या मारिनाचा अंक आणि क्रोमीच्या जंगलातलं बंड घातलं (हीच १८७२ची आवृत्ती), आणि १८७४मध्ये ऑपेरा पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात रंगमंचावर आला. मात्र या फेरफारात झार आणि युरोदिवीची समोरासमोरची भेट गेली. मला ते नुकसान फार मोठं वाटतं.

नाट्यपदांची सवय असलेल्या कानाला सुरुवातीला चुकल्यासारखं होईल, कारण कथा थांबवून रंगणारी पदं इथे फारशी नाहीत. रशियन बोलण्याची चढउतार हीच चाल. राज्याभिषेकाच्या घंटा मात्र लक्ष देऊन ऐका : दोनच स्वरसमूह आलटून पालटून वाजतात, त्यांच्या मूळ स्वरांत षड्ज ते तीव्र मध्यम इतकं अंतर. आनंदाचा सोहळा, पण पायाखालची जमीन डळमळतेय असं वाटतं.

ध्वनिमुद्रण निवडताना संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवचं नाव दिसतंय का ते बघा. १८७१-७२मध्ये तो आणि मुसोर्गस्की एकाच खोलीत राहत आणि एकच पियानो वाटून वापरत. मुसोर्गस्की गेल्यावर या मित्राने ऑपेराचं वाद्यमेळन नव्याने केलं आणि स्वरसंगतीही बदलल्या. १९०८मध्ये पॅरिसला गायक शल्यापिनने गाजवला तो हाच अवतार. प्रेमाने केलेलं काम आहे, पण मूळचा खडबडीतपणा त्यात घासून गुळगुळीत झाला. पहिल्या भेटीला तो नको.

भाषांतर समोर ठेवून सव्वादोन तास सलग बसा. मग कधीतरी १८७२चा शेवट ऐका : 'मीच दिमित्री' म्हणणाऱ्या तोतया राजपुत्रामागे गर्दी निघून जाते आणि युरोदिवी एकटाच रशियासाठी रडत बसतो.